सर्किटमध्ये दुसरं विमान वेळेत दिसलंच नाही, नजर कशी ठेवायची?

सातपूरची
मी नाशिकची, सध्या बाहेरगावी सीपीएलचं (कमर्शियल पायलट लायसन्सचं) ट्रेनिंग चालू आहे, शाळेचं नाव नको. मागच्या आठवड्यात सेसना 152 या छोट्या दोन सीटच्या विमानावर सोलो सर्किट, म्हणजे एकटीने रनवेभोवती चौकोनी फेऱ्या मारत होते. आमच्या फील्डला कंट्रोल टॉवर नाही, सगळे एकाच फ्रिक्वेन्सीवर आपापली पोझिशन सांगतात. मी डाउनविंडचा (रनवेला समांतर, उलट दिशेचा टप्पा) कॉल दिला, बेसचा (त्यानंतरचा आडवा टप्पा) दिला, आणि फायनलला (रनवेच्या सरळ रेषेत, उतरायला) वळणार तेवढ्यात उजवीकडे एकदम एक विमान, माझ्याच उंचीवर, सरळ लांबून फायनलवर येणारं. मी वळण सोडलं, उजवीकडे फिरून त्याच्या मागून निघाले आणि परत सर्किटला लागले. त्याने 5 मैलांवरून कॉल दिला होता, मी तो ऐकलाही होता, पण डोक्यात बसलं होतं की तो अजून लांब आहे. घरी आलीये सुट्टीवर, आईला काही बोलले नाहीये. मी बाहेर बघत होते हो, खरंच बघत होते, मग दिसलं का नाही?

ओझरकर
अगं, संक्रांतीला येवल्याला गेली आहेस का कधी? गच्चीवर उभं राहून बघ, ताणून एका जागी उभा राहिलेला पतंग आभाळात लवकर सापडत नाही, त्याने गोता मारला की लगेच नजर जाते. आपला डोळा हालचाल पकडतो. आणि ज्या विमानाशी तुझी टक्कर होणार असते ते काचेत हलतच नाही, एकाच जागी ठिपक्यासारखं चिकटून राहतं आणि शेवटच्या काही सेकंदांत एकदम मोठं होतं. सरकणारं विमान पुढून किंवा मागून निघून जाईल, न सरकणाऱ्याची भीती धर.

दुसरं म्हणजे नजर नुसती फिरवत राहिलं तर काही दिसत नाही. साधारण 10 अंशांचा तुकडा घ्यायचा, निदान एक सेकंद थांबायचं, मग पुढचा तुकडा. रिकाम्या आभाळात डोळा आपोआप जवळच फोकस होऊन बसतो, म्हणून अधूनमधून लांबच्या डोंगरावर नाहीतर ढगाच्या कडेवर नजर टेकवायची. काचेच्या खांबामागे काय आहे ते बघायला मान नाही, अख्खं डोकं पुढेमागे हलवायचं.

जेलरोड_निखिल
मला एक कळत नाही, 1996 ला हरियाणात चरखी दादरीला दोन विमानं हवेत धडकून 349 माणसं गेली, त्यानंतर भारतात मोठ्या विमानांना टक्कर टाळणारं यंत्र सक्तीचं झालं ना, मग या ट्रेनिंगच्या विमानांना का नाही बसवत?

ओझरकर
निखिल, ते यंत्र महाग, जड, आणि छोट्या दोन सीटच्या विमानात सहसा नसतंच. शिवाय जमिनीपासून साधारण हजार फुटांच्या खाली ते वर जा-खाली जा असा आदेश देतच नाही, आणि सर्किट तर तिथेच उडतं. एडीएस-बी चा, म्हणजे विमानाची पोझिशन सिग्नलने इतरांना कळवणाऱ्या यंत्रणेचा, फायदा आहे, पण समोरचा सिग्नल सोडत असेल तरच तो स्क्रीनवर येतो. आणि स्क्रीनकडे बघताना बाहेर कोण बघणार?

उजवी_सीट
ताई, मी इन्स्ट्रक्टर आहे. तुझ्यासारखीच केस कॅलिफोर्नियात वॉटसनव्हिलला झाली, 18 ऑगस्ट 2022. तिथेही टॉवर नाही. एक सेसना 152 सर्किटमध्ये, दुसरं दोन इंजिनचं सेसना 340 लांबून सरळ फायनलवर आणि वेग भलताच जास्त. दोघांनीही रेडिओवर कॉल दिले होते, तरी 3 जीव गेले. त्यामुळे कॉल ऐकला की माझ्या मुलांना मी एकच विचारतो, दिसला का? दिसला नसेल तर बेसला वळायचं नाही, डाउनविंड लांबव, वेळ घे.

हिशेब करून बघ, दोन विमानं समोरासमोर प्रत्येकी 90 नॉटने (ताशी साधारण 167 किमी) आली तर बघून, ओळखून, निर्णय घेऊन विमान प्रत्यक्ष वळायला साडेबारा सेकंद लागतात असं धरतात, तेवढ्यात दोघांतलं साडेअकराशे मीटर अंतर संपतं.

152 चा पंख वर असतो, डावीकडे वळलीस की तो खाली येऊन जिकडे जायचंय तीच बाजू झाकतो. म्हणून वळायच्या आधी पंख जरा उचलून बघायचं, आणि बेसवरून उजवीकडे, फायनलच्या लांबच्या टोकापर्यंत बघितल्याशिवाय वळायचंच नाही. पंख खाली असलेल्या विमानाला पोटाखालचं दिसत नाही, तो वरून उतरत तुझ्यावर येऊ शकतो. लँडिंग लाइट दिवसाही चालू ठेव. फायनलवर जो खाली त्याचा हक्क पहिला, पण त्या जोरावर कुणाच्या पुढ्यात घुसायचं नाही.

जुलै 2025 ला, कॅनडात स्टाइनबाकजवळ दोन शिकाऊ पायलट असेच टेकऑफ-लँडिंगची प्रॅक्टिस करताना धडकून गेले, त्यातला एक केरळचा. म्हणून विनंती करतो, तुझी घटना शाळेत लेखी दे. त्या दुसऱ्या पायलटलाही कळायला हवं की तू त्याला दिसली होतीस का.

सातपूरची
काका, दादा, आभार. मी उजवीकडे बघितलंच नव्हतं, आता कळतंय, सगळं लक्ष डावीकडे रनवेकडे होतं. आत्ता रिपोर्ट लिहायला बसले तर त्या विमानाचा रंगसुद्धा आठवत नाहीये, फक्त ते एकदम मोठं झालेलं आठवतंय.