'पंच' हा शब्द एक की तीन?

लेखणीबहाद्दर (मूळ प्रश्न):
मी हौसेने इंग्रजी कथांची मराठी भाषांतरे करतो. गेल्या महिन्यात एका कथेतला म्हातारा 'ॲज प्लीज्ड ॲज पंच' होता, आणि मी बेधडक 'दोन घोट पोटात गेल्यासारखा खुशीत' असे लिहून मोकळा झालो. संपादकांनी त्यावर तांबडी रेघ ओढली आणि समासात एवढेच लिहिले, की हा पंच पेल्यातला नव्हे. शब्दकोश उघडला, तर ठोसा, भोक पाडण्याचे अवजार, पेय, बाहुली आणि ठेंगणा दणकट घोडा इतके अर्थ निघाले, तेही एकाच नोंदीत नव्हे, तर निरनिराळ्या क्रमांकांच्या नोंदींखाली. पेयाचे नाव आपल्या 'पाच'वरून पडले, असे लहानपणापासून ऐकत आलो आहे. बाकीचे अर्थ त्यातूनच फुटले आहेत का?

जुना वाचक:
नाही. कोशकार क्रमांक बदलतात ते बहुधा अर्थ बदलला म्हणून नव्हे, तर कूळ बदलले म्हणून. भोक पाडणारा पंच जुन्या फ्रेंचमधून आला असून त्याच्या मुळाशी 'टोचणे' या अर्थाचा लॅटिन धातू आहे. त्याच धातूपासून पॉइंट, पंक्चुअल आणि आपल्या नाक्यानाक्यावरचे पंक्चरही निघाले. एसटीचा कंडक्टर जो चिमटा दांडीवर टकटक वाजवत यायचा आणि तिकिटावरच्या नेमक्या आकड्याला भोक पाडायचा, तो या घराण्याचा अस्सल वारस होय. ठोसाही इथलाच. आधी टोचणे, मग काठीने ढोसून गुरे हाकणे आणि पुढे मुठीने मारणे असा हा अर्थ सरकत गेला. अमेरिकेत गुराख्याला 'काऊपंचर' म्हणतात ते या ढोसण्यावरूनच.

बाहुलीचा पंच मात्र इटलीचा. नेपल्सकडच्या लोकनाट्यात पुल्चिनेल्ला नावाचे बाकदार नाकाचे विदूषकी पात्र असे. इंग्रज रोजनिशीकार सॅम्युअल पेपिस याने 9 मे 1662 रोजी लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये इटालियन बाहुल्यांचा खेळ पाहिल्याचे रोजनिशीत नोंदवले आहे. त्या नावाचे इंग्रजीत 'पंचिनेलो' आणि मग नुसते 'पंच' झाले. हा बाहुला काठीने सगळ्यांना बडवतो आणि वर स्वतःवरच खूश होतो, म्हणून आपल्या म्हाताऱ्याची उपमा त्याची आहे. तो मारकुटा असल्यामुळे ठोशाशी त्याचे नाते जोडण्याचा मोह होतो, पण तो निव्वळ योगायोग आहे. घोड्याचे नावही बहुधा या गुटगुटीत बाहुल्यावरूनच पडले. 1841 मध्ये लंडनला निघालेल्या विनोदी साप्ताहिकाचा 'पंच' हाच, आणि त्याच्या अनुकरणाने आपल्याकडे ठाण्याहून 'हिंदू पंच' निघत असे.

बार्देशकर:
पेयाबद्दल थोडी भर घालतो, कारण त्यात आमच्या गोव्याचा उल्लेख आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर याचे प्रवासवर्णन 1698 मध्ये छापले गेले. गोव्यातल्या नेरुलला उत्तम 'अराक' ही दारू मिळते, या किनाऱ्यावरचे इंग्रज तिच्यापासून 'पाँच' नावाचे अंगातली शक्ती हरण करणारे पेय बनवतात, आणि त्यात पाच जिन्नस असल्यामुळे हिंदुस्थानी भाषेतल्या पाचावरून हे नाव पडले, असे तो सांगतो. आमच्याकडे काजूच्या पहिल्या धारेला आजही 'उर्राक' म्हणतात, तो शब्द या 'अराक'चाच भाऊ. ज्या मुलखात पंचामृत आहे, तिथे पाच जिनसांच्या पेयाला असे नाव पडावे यात मला नवल वाटत नाही.

शंकेखोर:
व्युत्पत्ती सुंदर आहे आणि मीही तिच्याच बाजूने झुकतो, तरी ती सिद्ध झाली आहे असे म्हणू नये. पेयाचा हा शब्द इंग्रजीत प्रथम 1632 च्या एका पत्रात आढळतो, म्हणजे फ्रायरने स्पष्टीकरण दिले ते बऱ्याच उशिराने. मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशाच्या वर्णनात 'पालेपुंट्झ' नावाचे पेय येते, त्यात मद्य, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर असे चारच जिन्नस आहेत. दुसरी अडचण स्वराची. सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्रज हा शब्द 'पुंच' असा उच्चारत असत आणि जर्मन लोक अजूनही 'पुन्श' म्हणतात. मग 'पाच' किंवा 'पंच' यातल्या अकाराचा उकार कसा झाला, हे समजावून सांगणे सोपे नाही. म्हणून काही अभ्यासकांनी 'पंचन' या मोठ्या पिंपाच्या नावाकडे बोट दाखवले आहे, कारण दारूची पिंपे वाहणारे खलाशीच हे पेय पीत असत. दोन्ही बाजू मांडून कोश इथे 'बहुधा' लिहितात, आणि ते मला प्रामाणिक वाटते.

लेखणीबहाद्दर:
सर्वांचे आभार. मूळ पान पुन्हा काढून पाहिले, तर त्या वाक्यातल्या 'पंच'चा 'पी' ठळक मोठ्या लिपीतला होता, म्हणजे ते विशेषनाम असल्याची खूण डोळ्यांसमोरच होती. आपल्या लिपीत लहानमोठी अक्षरे नसल्यामुळे मनातल्या मनात मराठी करताना ती खूण माझ्या हातून गळून पडली. आता 'म्हाताऱ्याची स्वारी स्वतःवरच खूश होती' असे केले आहे. बाहुला मराठीत आणण्याचा नाद सोडला.