सांदण दरी: नवख्यांना दोर लावून उतरवावं का?

कातळवेडा:
जानेवारीत भंडारदऱ्याजवळच्या साम्रद गावाहून सांदण दरी उतरलो. पन्नासेक जणांची बॅच, निम्म्यांचा आयुष्यातला पहिलाच ट्रेक. पहिल्या रॅपलला, म्हणजे दोराने कडा उतरायच्या पहिल्या टप्प्याला, दीड तास रांग लागली. तेवढ्यात वरून मुठीएवढा दगड सुटला आणि माझ्यापासून हातभर अंतरावर फुटला. कोणाच्याच डोक्यावर हेल्मेट नव्हतं. माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या रॅपलच्या काठापुढे नवख्यांना नेऊच नये. दोर खाली ओढून घेतला की मागे फिरता येत नाही. पुढचे टप्पे उतरायचे आणि करोली घाटाने वर साम्रदला यायचं किंवा खाली कोकणातल्या डेहणे गावाला बाहेर पडायचं, एवढंच हातात उरतं. पाय मुरगळला तर? आत मोबाईलला रेंजही नाही.

रानपाखरू:
मग नवखा शिकणार कुठे, यूट्यूबवर? मी पहिला रॅपल सांदणलाच केला. हात लटपटत होते, पण बिले देणारा, म्हणजे सुरक्षेचा दोर धरणारा, दादा पक्का होता. दोन्ही बाजूंना शेकडो फुटी कातळ आणि वर आभाळाची चिंधी. ते बघायला मी पुन्हा दहा वेळा जाईन. दोष दरीचा नाही, पन्नास जणांच्या बॅचचा आहे.

कातळवेडा:
बॅचचा दोष मान्य. पण दगड रांगेत नवखा कोण, जुना कोण हे विचारून पडत नाही. अरुंद घळीत बाजूला सरकायला जागाच नसते.

घाटवाट:
पावसाळ्याचं कोणीच बोललं नाही. वरच्या अंगाला सर आली की दरीत ऊन असलं तरी लोंढा येतो, कारण तिथलं पाणी त्या भेगेतूनच खाली कोकणात उतरतं. जून ते सप्टेंबर आत पाऊल टाकायचं नाही, यात वाद नको.
बाकी, साम्रदच्या घरांत आमच्या बॅचमुळेच चूल पेटते असं म्हणणाऱ्यांना एकच सांगतो, पिठलं-भाकरी खायला रॅपल करावा लागत नाही.

रानपाखरू:
वाटाड्याची मजुरी मात्र दरीत उतरणाऱ्यांकडूनच मिळते की! रॅपलच्या आधीच्या डोहापर्यंत जाऊन परत येणारे वाटाड्या घेतातच कुठे?

कातळवेडा:
हा मुद्दा बरोबर आहे, मी धरला नव्हता. फेब्रुवारीत बाबांना नेतोय. कमरेएवढ्या पाण्याचा डोह पार करून पहिल्या रॅपलच्या काठापर्यंत, आणि परत. वाटाड्या गावातलाच घेईन, मजुरी पूर्ण दिवसाची.

घाटवाट:
डोहाचं पाणी गार असतं हो. बाबांना सुके मोजे वेगळ्या पिशवीत बांधून द्या.