फुल्ली ऑटो अ‍ॅनालायझर कोणता घ्यावा? सोमवारच्या आत सांगा

सीरमसखी:
सिंहगड रोडला पॅथॉलॉजी लॅब आहे. सेमी-ऑटो मशीनवर (रक्ताची एकेक टेस्ट हातानं लावावी लागते) आता निभत नाही, सगळं आपोआप करणारं फुल्ली ऑटो हवंय. एक कंपनी मशीन फुकट ठेवतो म्हणते, रिएजंट (टेस्टची रसायनं) मात्र त्यांचंच, म्हणजे क्लोज्ड. दुसरी विकत देतेय, ओपन सिस्टीम, म्हणजे रिएजंट कुणाचंही चालतं. सोमवारी उत्तर द्यायचंय. कोणतं घेऊ?

पिपेटराव:
ताई, टेस्ट किती, कोणत्या, जागा केवढी? नुसतं 'पोटात दुखतंय, गोळी सांगा' असं झालंय हे.

सीरमसखी:
रोज ऐंशी-नव्वद पेशंट. शुगर, लिपिड, एलएफटी (लिव्हर), आरएफटी (किडनी). झालं?

पिपेटराव:
नाही झालं. पेशंट नाही, टेस्ट मोजा. एकट्या एलएफटीतच सहा-सात होतात. त्यात उपाशीपोटी येणारे सगळे सकाळी साडेसात ते दहात. ब्रोशरवरचे 'ताशी ४००' बरेचदा आयएसई (सोडियम-पोटॅशियमच्या टेस्ट) धरून असतात. फोटोमेट्रिक (रंगावरून मोजायच्या, शुगर-लिपिडसारख्या) किती, ते लेखी घ्या.

मुठाकाठ:
फुकटच्या नादी लागू नका. आमचा पाच वर्षांचा करार आहे, दरमहा किमान खरेदी ठरलेली. दिवाळीत कुणी रक्त द्यायला फिरकत नाही, रिएजंट मात्र उचलावंच लागतं.

जुना_टेक्निशियन:
आणि ओपन घेऊन स्वस्तातली किटं लावा, पॅरामीटर बदलत बसा! क्लोज्डमध्ये रिएजंट, कॅलिब्रेटर (मशीन जुळवायचं द्रावण), कंट्रोल (रिझल्ट पडताळायचं द्रावण) एकाच घरचे. रिझल्ट वाकडा आला तर एकालाच धरायचं.

मुठाकाठ:
तो एक आधी फोन उचलतो का?

पिपेटराव:
भांडा नंतर. ताई, खर्च रिपोर्ट झालेल्या टेस्टमागे काढा. कॅलिब्रेशन, कंट्रोल, रिपीट, डेड व्हॉल्यूम (बाटलीच्या तळाशी वाया जाणारं रिएजंट), एक्सपायरी सगळं धरून. मग फुकट कितीला पडतं ते कळेल.

डॉ_पाटीबहाद्दर:
डेंग्यूच्या एनएस१साठी रॅपिड कार्ड वापरू नका, एलायझाच करा.

सीरमसखी:
डेंग्यूचं विचारलंय कुणी?

धायरीकर:
पाण्याचं बघितलंत का? या मशीनला डीआय (क्षार काढलेलं) पाणी लागतं आणि गुरुवारी आपल्याकडे नळ कोरडे. टँकरच्या जड पाण्यानं आरओची मेम्ब्रेन लवकर जाते. पाणी बिघडलं की कॅल्शियम उगाच वाढलेलं दिसतं, डॉक्टरांचे फोन सुरू.

मुठाकाठ:
टँकर कितीला पडतो हो तुमच्याकडे?

धायरीकर:
विचारू नका. उन्हाळ्यात तर म्हणेल तो भाव.

जुना_टेक्निशियन:
ऑनलाइन यूपीएस घ्याच. रन चालू असताना लाइट गेली की सगळं परत.

पिपेटराव:
रिपोर्ट कसे काढता? एलआयएस (लॅबचं सॉफ्टवेअर) आहे का?

सीरमसखी:
एक्सेलमध्ये. मुलगी टाइप करते. दुपारी दोनपर्यंत तेच चालतं, म्हणून तर वेगवान मशीन हवंय.

पिपेटराव:
अहो, मग तुंबलंय ते टायपिंगपाशी! ताशी २०० वालं मशीनही पुरेल, पण बारकोड आणि बायडायरेक्शनल इंटरफेस हवाच. सॅम्पल ठेवलं की मशीननं ऑर्डर एलआयएसकडून उचलायची, रिझल्ट आपोआप परत. इंटरफेसचे पैसे कोण देणार हे कोटेशनमध्ये लिहून घ्या, नाहीतर मशीन कंपनी आणि सॉफ्टवेअरवाला एकमेकांकडे बोट दाखवतात. एनएबीएल (लॅबची गुणवत्ता मान्यता) करायचंय?

सीरमसखी:
पुढच्या वर्षी. आणि लॅब दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही.

पिपेटराव:
हे आत्ता सांगताय? फ्लोअर मॉडेल विसरा, बेंचटॉपच (टेबलावर बसणारं) बघा. तेही जिन्यातून वळतं का, मोजून घ्या. एनएबीएलसाठी नव्या मशीनवर व्हेरिफिकेशन (रिझल्ट बरोबर येतात का याची पडताळणी) करावं लागेल. वेल्लोरच्या सीएमसी हॉस्पिटलचा ईक्यूएएस (बाहेरून होणारी गुणवत्ता तपासणी) आत्तापासूनच लावा.

धायरीकर:
जुनं सेमी-ऑटो काढणार असाल तर व्यनि करा. भोरला भावाची लॅब आहे.

जुना_टेक्निशियन:
काढू नका ताई, बॅकअपला ठेवा.