मदत हवी आहे: बंदुकीचा विमा घ्यायचा, पण विमा कंपनीला किती सांगायचं?

मंडळी, कॅलिफोर्नियात सॅन होझेला राहणारं कुणी आहे का इथे? नवऱ्याला रेंजवर नेमबाजीचा नाद लागला आणि गेल्या महिन्यात पिस्तूल घरात आलं. (माझं मत विचारू नका.)

दुकानातून घेतल्यामुळे राज्याच्या न्याय विभागाकडे नोंद आपोआप झाली. पण शहराचा वेगळा नियम आहे, १ जानेवारी २०२३ पासूनचा: चुकून गोळी सुटून कुणाला इजा झाली तर भरपाई देणारा विमा हवा. घरमालकाचा किंवा भाडेकरूचा विमा चालतो. कंपनीचं नाव आणि पॉलिसी नंबर लिहिलेला फॉर्म बंदुकीजवळ ठेवायचा, पोलिसांनी मागितला तर दाखवायचा. शहराकडे जमा करायचा नाही, तेवढं बरं आहे.

अडचण अशी की आमच्या भाडेकरू पॉलिसीत बंदुकीबद्दल अवाक्षर नाही. एजंटला विचारावं, तर नवरा अडून बसलाय. जून २०२२ मध्ये न्याय विभागाच्याच वेबसाइटवरून बंदूक लपवून सोबत बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्ज केलेल्यांची नावं, पत्ते उघडे पडले होते. "सरकारला जमलं नाही, विमा कंपनीला काय जमणार?" त्याची भीती मला पटते, पण लपवून ठेवून उद्या क्लेम नाकारला तर?

मॉडेल, सिरियल नंबर न देता "अपघाती गोळीबाराची जबाबदारी पॉलिसीत येते" एवढंच लेखी कुणी मिळवलंय का? नेमकं काय विचारलंत? आणि त्यानंतर हप्ता वाढला का?