कोपऱ्यात सारखी व्हायरसची सूचना येते, आणि पीसीवर दोन अँटीव्हायरस आहेत

द्राक्षवेल_म्हसरूळ
मंडळी, घर म्हसरूळला, बाग दिंडोरी तालुक्यात. फवारणीची सगळी नोंद मी घरच्या पीसीवर एक्सेलमध्ये ठेवते: कोणतं औषध, किती मात्रा, कोणती तारीख, काढणीला किती दिवस राहिले. माल निर्यातीला द्यायचा तर ही नोंद लागतेच, म्हणून सगळा जीव त्या फाइलींत. गेल्या आठवड्यापासून उजव्या कोपऱ्यात चौकट येते, "५ व्हायरस सापडले, आत्ताच रिन्यू करा". मुलाने घाबरून एक फुकटचा अँटीव्हायरस टाकला. आधीचा विकतचा, मुदत संपलेला, तोही तसाच आहे. आता एक्सेल उघडेपर्यंत चहा उकळून होतो. विंडोज १० आहे. नवा विकत घेऊ का?

नाशिकरोडकर
ताई, आत्ता काही विकत घेऊ नका, आणि त्या चौकटीवर क्लिकही करू नका. नीट बघा, तिच्यात बारीक अक्षरांत क्रोमचं नाव आणि कुठल्या तरी साइटचा पत्ता असेल. तसं असेल तर ती अँटीव्हायरसची सूचना नाहीच. घरात कोणीतरी फुकट मॅच बघताना साइटने सूचना पाठवायची परवानगी मागितली आणि "अलाउ" दाबलेलं असतं, एवढंच. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. तिथे अनोळखी नावं दिसतील ती काढून टाका.

दोन अँटीव्हायरसचं म्हणाल, तर तुम्ही बोर्डोत (मोरचूद-चुन्याच्या फवाऱ्यात) दुसरं औषध मिसळता का? इथेही तसंच. प्रत्येक उघडणारी फाइल दोघंही तपासायला धावतात, म्हणून तुमचा चहा उकळतो. दोन्ही काढा, पीसी रीस्टार्ट करा. विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, डिफेंडर, आपोआप सुरू होतो. मग त्यातला ऑफलाइन स्कॅन एकदा चालवा. पीसी बंद होऊन परत सुरू होईल, पंधराएक मिनिटं लागतील, मध्ये बटण दाबू नका. घरच्या वापराला डिफेंडर पुरतो असं माझं ठाम मत आहे.

पण खरी काळजी फाइलींची घ्या. २०१९ मध्ये मी एका सॉफ्टवेअरची क्रॅक कॉपी उतरवली. संध्याकाळी फोल्डर उघडला तर प्रत्येक फोटोच्या नावाच्या शेवटी चार अनोळखी अक्षरं, चित्राच्या जागी कोरा पांढरा कागद, आणि फोल्डरागणिक पैसे मागणारी एक टेक्स्ट फाइल. बॅकअपची हार्ड डिस्क होती, पण ती पीसीलाच लावलेली. तीही गेली. वडिलांचे शेवटच्या दोन वर्षांतले फोटो त्यात होते. म्हणून हात जोडून सांगतो, आठवड्यातून एकदा पेन ड्राइव्हवर कॉपी करा आणि लगेच काढून कपाटात ठेवा.

गोदाकाठ
वरच्या सगळ्याला दुजोरा. नाशिकरोडकरांच्या फाइली गेल्या तसा फाइली अडकवून पैसे मागणारा व्हायरस म्हणजे रॅन्समवेअर. डिफेंडरमध्ये रॅन्समवेअर प्रोटेक्शनखाली "कंट्रोल्ड फोल्डर अॅक्सेस" आहे, ते अनोळखी प्रोग्रामला फाइली बदलू देत नाही, पण मुळात बंद असतं. चालू करून नोंदीचा फोल्डर त्यात घाला. एक्सेल अडलं तर त्याला परवानगी द्या.

विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलेत. डिफेंडरला व्हायरसची नवी माहिती मिळत राहते, पण विंडोजची भोकं बुजत नाहीत. २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा रॅन्समवेअर मे महिन्यात पसरला, त्याचं भोक बुजवणारा अपडेट (पॅच) मार्चमध्येच आला होता. ज्यांनी तो टाकला नव्हता तेच अडकले. पीसीला विंडोज ११ चालत असेल तर त्यावर जा, नाहीतर विंडोज अपडेटमध्ये जादा मुदतीच्या सुरक्षा अपडेटसाठी नोंदणीचा पर्याय दिसतो का बघा.

आणि चौकटीत नंबर असेल आणि त्यावर फोन करून कोणी पैसे भरले असतील तर आत्ता १९३० ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन लावा. उशीर केला की पैसे हातचे जातात.

द्राक्षवेल_म्हसरूळ
पैसे भरले नाहीत, देवाची कृपा. नोटिफिकेशन्समध्ये तीन अनोळखी साइट निघाल्या, काढल्या. दुपारपासून चौकट नाही. दोन्ही अँटीव्हायरसही काढले. ऑफलाइन स्कॅनमध्ये काही सापडलं नाही. नाशिकरोडकर, तुमच्या वडिलांच्या फोटोंचं वाचून फार वाईट वाटलं. छाटणीपासूनची सगळी नोंद पेन ड्राइव्हवर घेतली आणि सातबाऱ्याच्या फाइलीसोबत कपाटात ठेवली.