बाळ बाटली अर्धीच टाकतंय... तुमचे अनुभव लिहा

चाफेकळी
काल भाचीचा फोन आला, अगदी रडवेली झालेली. तिची तान्ही लेक चौथ्या महिन्यात आहे, आत्तापर्यंत १२० मिली गटागटा संपवायची आणि आता साठ-सत्तर झालं की जिभेने निपल बाहेर ढकलते, तोंड फिरवते. घरात येणारा प्रत्येक जण पहिलं हेच विचारतो, किती प्यायली?

तिचं ऐकताना माझ्या थोरल्याचे दिवस डोळ्यासमोर आले. सिझेरियननंतर मला अंगावरचं पुरेना म्हणून वरचं दूध चालू केलेलं, आणि तोही याच वयात एकदम निम्म्यावर आला. मी वहीत लिहायचे, ९० केलं ४० उरलं, आणि रात्री सगळे झोपल्यावर बेरजा. डॉक्टरांनी वही न बघता त्याला काट्यावर ठेवलं. वजन वाढत होतं. मग विचारलं, लंगोट किती ओले होतात दिवसाला? सहा-सात तरी होतात म्हटलं. खेळतो? खेळतो. मग म्हणाले, पहिल्या तीन महिन्यांत बाळं झपाट्याने वाढतात, नंतर तो वेग कमी होतो, भूकही तशीच बदलते, त्याचं पोट त्याला कळतं. मी परत येताना रिक्षात रडले, इतकं हलकं वाटलं.

हे भाचीला सांगितलंच, पण तिला वाटतंय हे फक्त तिच्याच घरी होतंय. म्हणून धागा काढला. लिहा, ती वाचणार आहे.

नाशिकची_मावशी
कुकर लावलाय, पटकन लिहिते. आमच्याकडे सर्दी निघाली. नाक चोंदलं की बाळ पिणार कसं, तोंडात निपल आणि श्वास नाकानेच घ्यायचा. डॉक्टरांनी सलाइनचे थेंब दिलेले, बाटलीच्या जरा आधी नाकात घालायचे. नाक मोकळं झालं तशी बाटली संपायला लागली. शिट्टी झाली, येते परत

बाबा_ऑन_ड्यूटी
निपल बघा आधी. दूध किती वेगाने येतं ते पाकिटावर स्लो, मिडियम असं लिहिलेलं असतं. आमची मुलगी चिडचिड करत पाऊण तास ओढत बसायची आणि दमून झोपायची, अर्धी बाटली तशीच. मिडियम आणलं आणि दुसऱ्या दिवसापासून शांत. उलटंही होतं बरं का, भोक मोठं असलं की ठसका लागतो आणि बाळ बाटली बघूनच रडतं. बाटली उलटी धरली की थेंब थेंब पडावं, धार लागू नये. आणि सुईने भोक मोठं करायला जाऊ नका कृपया.

विदर्भकन्या
मी मे महिन्यात नागपूरला माहेरी होती. कूलर चालू असूनही दुपारी पोरगा बाटलीला हात लावू देत नव्हता, रात्री गार झालं की सगळी कसर भरून काढायचा. येणारा जाणारा म्हणे पाणी पाज, पाणी पाज. आमच्या डॉक्टरनं साफ सांगितलं होतं, सहा महिन्यांच्या आत वरून पाणी नाही, दुधातच असते ते. मग पहाटेची बाटली वाढवली आणि दुपारी थोडं थोडं दिलं. आजीनं मीठ-मोहऱ्यानं दृष्ट काढली, तेही होऊ दिलं, तिचा जीव शांत झाला न.

चाफेकळी
@विदर्भकन्या पाण्याचं आमच्याकडेही झालेलं. आणि कमी पितंय तर पावडर जास्त घाल म्हणणारेही भेटतात! डब्यावर जितक्या पाण्याला जितके सपाट चमचे लिहिलेत ना, मग तेवढेच. घट्ट केलं की पोटाला आणि किडनीला त्रास, पातळ केलं की पोषण कमी.

जुळ्यांची_आई
मी जरा वेगळं लिहिते. माझ्या मुली सातव्या महिन्यात झाल्या, मुंबईत सायन हॉस्पिटलला एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात होत्या. तिथे मिल्क बँक आहे, १९८९ ला डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी चालू केली, आशियातली पहिली. माझं दूध येईपर्यंत दुसऱ्या आयांचं दूध माझ्या लेकींना मिळालं, आधी नळीने, मग वाटी-चमच्याने. त्या बायका कोण होत्या मला कधीच कळणार नाही पण रोज आठवण काढते. घरी आल्यावर एक पूर्ण प्यायची, दुसरी अर्ध्यात झोपायची. म्हणून सांगते, लवकर जन्मलेलं किंवा कमी वजनाचं बाळ असेल तर त्याला कळतं म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांनी जेवढं सांगितलंय तेवढं गेलंच पाहिजे, झोपलं तर तळपायाला चोळून उठवायचं.

बाबा_ऑन_ड्यूटी
@जुळ्यांची_आई आता केवढ्या आहेत पोरी?

जुळ्यांची_आई
चौथीत! डब्यात भेंडी दिली की अजूनही एक संपवते आणि एक परत आणते 😀

लीड्सकर
इथे इंग्लंडात हेल्थ व्हिजिटर, म्हणजे घरी येऊन बाळ बघणारी नर्स यायची, रेड बुकात (बाळाच्या तब्येतीची वही) वजनाचा ठिपका मांडायची. तिने शिकवलं, बाळाला जरा उभं धरा, बाटली आडवी, मध्ये मध्ये थांबा, संपवायचा आग्रह करू नका. सासूबाई आल्या होत्या, त्यांना पोर उपाशी राहतंय असंच वाटायचं. पण त्यांनीच ओळखलं की टीव्ही चालू असला की हा मान वळवून तिकडे बघतो आणि पिणं राहतं. या वयात नजर सगळीकडे जाते ना. मग त्या स्वतः पडदे ओढून आतल्या खोलीत पाजायच्या, संपायची बाटली.

सांगलीकर_आजी
नातवाच्या तोंडात दह्यासारखं पांढरं दिसलं. सून म्हणाली दूध असेल, ओल्या फडक्यानं पुसून बघितलं, जाईना. दाखवून आणलं तर बुरशी, म्हणून बाळ ओढत नव्हतं. औषध लावलं, निपलं रोज उकळली, उतरलं. आमच्या वेळी बोंडलं होतं, दूध पाजायचं चोचीचं भांडं, माझ्या आईनं दिलेलं चांदीचं, तिन्ही मुलं त्यानंच प्यायली.

सिस्टर_कोल्हापूर
मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. लंगोट कमी ओले होत असतील, बाळ मलूल असेल, टाळू आत गेलेली दिसत असेल, हिरवी उलटी झाली, किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला, तर अनुभव वाचत बसू नका, लगेच दवाखाना. @चाफेकळी भाचीच्या लेकीचं १४ आठवड्यांचं लसीचं इंजेक्शन झालंय का?

मनूची_आई
@चाफेकळी मावशी, मीच ती भाची 🙈 आजच खातं काढलं. सिस्टर, इंजेक्शन मागच्याच आठवड्यात झालं, त्या रात्री ताप होता, आता नाही. लंगोट ओले होतायत, हसते, मुठी चोखते. काल पडदे ओढून पाजलं, नव्वद गेलं. उद्या वजन करायला अंगणवाडीत नेणार आहे.

सिस्टर_कोल्हापूर
छान. इंजेक्शननंतर एखाद-दोन दिवस कमी पितात. उद्याचं वजन कार्डावर लिहून घ्या, आधीच्या महिन्याशी ताडून बघा. वाढलं नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

नाशिकची_मावशी
आले परत. सांगलीकर आजी, ते बोंडलं आतून साफ कसं करायचं हो? माझ्याकडे सासूबाईंचं आहे, चोचीत साय अडकत असणार.

सांगलीकर_आजी
प्यायल्याबरोबर लगेच गरम पाणी ओतायचं चोचीतनं, वाळू द्यायचं नाही. मग पातेल्यात बुडवून उकळायचं. फोटो टाक बघू तुझ्याकडचं कसं आहे.