खाडीतल्या सर्व्हेसाठी रगेड लॅपटॉप: जुना फुल रगेड घ्यावा की नवीन सेमी रगेड? मदत हवी आहे

तळठाव:
नमस्कार मंडळी, आमचं काम बॅथिमेट्रीचं, म्हणजे होडीला एको साउंडर आणि जीपीएस लावून पाण्याखालची खोली मोजायची, खाडीत गाळ किती आलाय, धरणात साठा किती उरलाय ते काढायचं. पावसाळा संपला की दाभोळ, बाणकोट, जयगड ही बाजू आणि उन्हाळ्यात विदर्भातली धरणं, तिथे उघडा पडलेला भाग पायी फिरून मोजावा लागतो आणि चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर असतो हे सगळ्यांना माहीतच आहे.

आता आमच्यात लॅपटॉप नुसता संध्याकाळी डेटा बघायला लागत नाही. होडी चालू असताना तांडेल स्क्रीनवरची रेषा बघून होडी नेतो आणि खोली, पोझिशन दोन्ही त्याच वेळी त्यात रेकॉर्ड होत असतात, त्यामुळे मशीन अडकलं की ती लाइन गेली, आणि भरती निघून गेली तर उथळ भागात त्या दिवशी परत जाताच येत नाही. माणसं, डिझेल, होडीचं भाडं सगळं फुकट जातं.

सध्या साधा ऑफिसचा लॅपटॉप ताडपत्रीच्या आडोशाला ठेवतो. दुपारी स्क्रीन दिसत नाही, खारे शिंतोडे उडतात, कीबोर्डच्या दोन कळा गेल्यात. आणि एक विचित्र प्रकार, जीपीएसची केबल यूएसबी-सिरियल कन्व्हर्टरने (जुन्या सिरियल पोर्टची केबल यूएसबीत लावायचा जोड) लावली की कधीकधी कर्सर आपोआप उड्या मारतो, खिडक्या उघडतो बंद करतो, आम्हाला वाटतंय टचपॅडमध्ये ओल गेली असणार.

बजेट दीड लाखाच्या आत. एक पर्याय म्हणजे सेकंडहँड फुल रगेड (पूर्ण दणकट बांधणीचा) पॅनासोनिकचा टफबुक सीएफ-३१, आयपी६५ (आयपी म्हणजे धूळ-पाणी किती रोखतो त्याची रेटिंग), सिरियल पोर्ट आतच आहे. दुसरा म्हणजे नवीन सेमी रगेड, आयपी५३, ऑफर जमली तर बजेटमध्ये बसेल. विकणारे दोघंही मिलिटरी स्टँडर्ड पास आहे एवढंच सांगतात. त्याचा खाऱ्या पाण्यात खरंच किती उपयोग? ज्यांनी असं मशीन उन्हापाण्यात रोज वापरलंय त्यांनी प्लीज सांगा.

सुकाणू:
आधी कर्सरचं. ती ओल नाहीये. जीपीएस सतत डेटा पाठवत असतो, केबल लावतानाच तो डेटा येत असेल तर विंडोज त्याला सिरियल माउस समजतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या कॉम पोर्टच्या (सिरियल पोर्टला विंडोज देतं ते नाव) अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जाऊन सिरियल एन्युमरेटरची (पोर्टला काय जोडलंय ते विंडोजने आपोआप ओळखायचं सेटिंग) खूण काढा, थांबेल. कन्व्हर्टर एफटीडीआय कंपनीच्या चिपचाच घ्या, त्यात हे सेटिंग सरळ मिळतं, आणि नेहमी एकाच यूएसबी पोर्टात लावा नाहीतर कॉम नंबर बदलतो आणि सॉफ्टवेअरला पोर्ट सापडत नाही. नवीन मशीन घ्याल तिथेही हे लागू शकतं म्हणून आत्ताच करून बघा.

आता मिलिटरी स्टँडर्ड. एमआयएल-एसटीडी-८१० ही चाचण्यांच्या पद्धतींची जंत्री आहे, त्यातल्या कुठल्या करायच्या ते कंपनी ठरवते. पडण्याची चाचणी २६ वेळा असते पण ते २६ फटके पाच नगांत वाटायची मुभा आहे. तुमच्या कामाची चाचणी ५०९ नंबरची, खारट धुक्याची, ती केली आहे का ते लेखी विचारा. आयपीची चाचणी गोड्या पाण्याने होते, मिठाने कनेक्टर गंजतील का हे त्यात कुठेच तपासत नाहीत. ५३ मधला ३ म्हणजे वरून आणि तिरका फवारा चालेल, ६५ मधला ५ म्हणजे पाण्याची धार चालेल. आणि हे सगळं पोर्टची झाकणं बंद असताना! तुमच्या दोन केबल कायम लागलेल्या असणार, म्हणजे झाकणं उघडी, मग ६५ काय आणि ५३ काय.

घाटवाट:
सुकाणूंशी सहमत. सीएफ-३१ दणकट आहे, उन्हात स्क्रीनही छान दिसतो, पण शेवटच्या मॉडेलातसुद्धा इंटेलची पाचवी पिढी आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ ला इंटेलमध्ये आठवी पिढी लागते, त्यामुळे सॉफ्टवेअरवाले नवीन व्हर्जनला हात वर करतील. जुन्या मशीनची रबरी सीलं पण कडक झालेली असतात, नवीन असतानाची आयपी रेटिंग धरून चालू नका.

मी असतो तर नवीन सेमी रगेड घेतला असता, निदान हजार निट्सचा (निट म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप) स्क्रीन बघून, कारण साध्या लॅपटॉपला २५०-३०० असतात. सिरियल पोर्ट ऑर्डर देतानाच मागून घ्या. लॅपटॉप झाकणाच्या पेटीत, केबल ग्लँडमधून (केबलभोवती घट्ट बसणारं सील) आत, आणि तांडेलासमोर वेगळा उन्हात दिसणारा छोटा मॉनिटर. खारं पाणी उडालं तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने पुसा, झाकणांच्या कडा विसरू नका.

चंद्रपूरला मात्र पेटी बंद ठेवू नका, सावली आणि हवा दोन्ही पाहिजे. बहुतेक लिथियम बॅटऱ्या ४५ अंशांच्या वर तापल्या की चार्जिंगच थांबवतात, मशीन चालतं पण बॅटरी उतरत जाते आणि चार्जर बिघडला असं वाटतं. जादा बॅटरी थंड जागी ठेवा आणि मशीन बंद न करता बदलता येईल असंच मॉडेल बघा.

तळठाव:
दोघांचे मनापासून आभार. एन्युमरेटरची खूण काढून केबल चालू जीपीएसवर बऱ्याचदा काढून लावून बघितली, कर्सर शांत आहे! सीएफ-३१ चा विचार सोडला. सेमी रगेडवाल्याला ५०९ च्या चाचणीचं लेखी विचारलंय. आता मॉनिटरचं सांगा, आमचा तांडेल पोलराइज्ड गॉगल लावतो आणि काही स्क्रीन त्यातून काळे दिसतात असं ऐकलंय, तर आडव्या बसवलेल्या मॉनिटरवर कोणाला हा त्रास झालाय का? बारा व्होल्टवर थेट चालणारा असेल तर उत्तम, इन्व्हर्टर होडीवर न्यायचा नाहीये.